पाण्याला लावलेला कान

पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. स्वच्छ समुद्रातही दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नावापुरता उरतो आणि रेडिओलहरी तर पाण्यात शिरताच विरून जातात. आवाजाचे मात्र उलट आहे. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावणारा आवाज समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर धावतो आणि कितीतरी दूरवर पोहोचतो. म्हणून पाणबुडी शोधण्याचा इतिहास हा मुख्यतः ऐकण्याचा इतिहास आहे. त्यात एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे. दुसऱ्याचे ऐकायचे तर स्वतःचा गोंगाट थांबवावा लागतो, म्हणजे इंजिन बंद किंवा मंद करावे लागते. आणि मंदावलेले जहाज पाणबुडीला आयते सावज मिळते. शंभर वर्षांत उपकरणे पुष्कळ बदलली, ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही.

पाण्यातल्या आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो समुद्रात नव्हे, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवरात. १८२६ साली दानियेल कोलादों आणि शार्ल स्तुर्म यांनी रात्रीच्या वेळी दोन होड्या तेरा किलोमीटरहून अधिक अंतरावर उभ्या केल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली होती. घंटेवर घाव पडताच त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटेल, अशी कळ जोडली होती. दुसऱ्या होडीत पाण्यात बुडवलेल्या कर्ण्यासारख्या नळीला कान लावून कोलादों बसले. दारूचा उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा, एवढीच रीत. आठ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सेकंदाला १,४३५ मीटर असे उत्तर आले, आणि आजच्या उपकरणांनी काढलेल्या आकड्याच्या ते अगदी जवळ आहे.

या ज्ञानाचा पहिला व्यावहारिक उपयोग युद्धासाठी झाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुक्यात वाट दाखवण्यासाठी दीपनौकांच्या तळाशी घंटा बसवल्या गेल्या आणि जहाजांच्या पोटात त्या ऐकणारे मायक्रोफोन आले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर हिमनग आधीच कसा ओळखता येईल, या विचाराने अनेक संशोधकांना पछाडले. रेजिनाल्ड फेसेंडेन या कॅनडात जन्मलेल्या संशोधकाने पाण्यात जोरदार आवाज सोडणारे विजेवर चालणारे यंत्र बनवले आणि एप्रिल १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात सुमारे तीन किलोमीटरवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडून दाखवला. आवाज सोडायचा, तो आदळून परत येण्याची वाट पाहायची आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे, हे सोनारचे, म्हणजे आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राचे, मूळ तत्त्व तेव्हाच सिद्ध झाले होते. पाणबुडी मात्र हिमनगाएवढी मोठी नसते.

त्यानंतर पाच महिन्यांतच, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, पाणबुडीने आपली ताकद दाखवली. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी ओटो व्हेडिगेन यांच्या यू-९ या लहानशा जर्मन पाणबुडीने उत्तर समुद्रात अबूकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर दीड तासाच्या आत बुडवल्या. १,४५९ माणसे गेली. अबूकिरला पाणतीर लागला तेव्हा तिच्यावरच्यांना वाटले की सुरुंग असावा. बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी होग थांबली, मग क्रेसी थांबली. माणुसकीपोटी थांबलेली जहाजे थांबल्यामुळेच गेली. त्या तिन्ही जहाजांवर पाण्याखाली काय आहे हे सांगणारे एकही साधन नव्हते.

पुढची दोन-तीन वर्षे ब्रिटनमध्ये जे जे सुचेल ते करून पाहिले गेले. पेरिस्कोप दिसला की तो फोडता यावा म्हणून गस्तीच्या होड्यांत घण घेतलेली माणसे बसवली. सागरसिंहांना पाण्याखालच्या आवाजाकडे जायला शिकवण्याचे प्रयोग आधी ग्लासगोच्या पोहण्याच्या तलावात आणि मग वेल्समधल्या बाला सरोवरात झाले. प्राण्यांना आवाज उत्तम कळत होता. पण उघड्या समुद्रात मासे दिसले की ते कामगिरी सोडून निघून जात. हे आज वाचताना विचित्र वाटते खरे, पण समुद्राने वेढलेल्या आणि अन्नधान्य बाहेरून आणणाऱ्या देशाची ती निकड होती. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये दोस्त आणि तटस्थ देशांची आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली.

उपयोगी ठरला तो हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडलेला मायक्रोफोन. स्कॉटलंडमधल्या हॉकक्रेग येथे कमांडर रायन या नौदल अधिकाऱ्याने त्यावर काम सुरू केले. पुढे विल्यम ब्रॅग आणि अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञही या कामाला लागले. पहिल्या हायड्रोफोनला आवाज येतोय एवढेच कळे, कुठून येतोय हे कळत नसे. अमेरिकेत यावर फार साधा तोडगा निघाला. जहाजाच्या तळातून आडव्या दांड्याची एक नळी खाली सोडायची, दांड्याच्या दोन टोकांना रबरी फुगे, आणि त्यांतून निघालेल्या नळ्या डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या दोन कानांना. ऐकणारा चाक फिरवून दांडा वळवी. आवाज डाव्या कानात आधी आला तर एकीकडे, उजव्या कानात आधी आला तर दुसरीकडे; आणि तो डोक्याच्या मधोमध आला की पाणबुडी बरोबर समोर. विजेचा काही संबंध नाही, माणसाच्या दोन कानांमधली निसर्गदत्त जाण तेवढी कामी आणलेली. पण या नळीने ऐकायचे तर जहाज थांबलेले हवे. म्हणून पाणबुडीच्या मागावरच्या छोट्या अमेरिकी नौका तिघी मिळून निघत, एकाच वेळी इंजिने बंद करून ऐकत, तिन्ही दिशा नकाशावर मांडून ठिकाण काढत आणि पुन्हा धावत. शेवटी १९१७ सालचे संकट टळले ते मुख्यतः व्यापारी जहाजांना ताफ्यात बांधून, सोबत युद्धनौकांचा पहारा देऊन. हायड्रोफोनची त्यात मदत झाली, तो तारणहार नव्हता.

खरा पल्ला गाठला फ्रान्समध्ये. प्येर क्युरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी कॉन्स्तांतिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याच्या सूचनेवरून १९१५ मध्ये पाण्यात उच्च कंपनांचा आवाज सोडण्याचे प्रयोग सुरू केले. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा इतका बारीक आवाज विजेरीच्या झोतासारखा एका दिशेने सोडता येतो, हा त्याचा फायदा. तो निर्माण करण्यासाठी लांजव्हँ यांनी आपल्या गुरूंचाच शोध वापरला. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते की स्फटिकावर दाब पडला की त्यात वीज उत्पन्न होते. उलट बाजूने, वीज दिली की तो आक्रसतो आणि फुगतो. पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झच्या चकत्या बसवून लांजव्हँ यांनी पाण्यात बोलणारे आणि ऐकणारे एकच यंत्र बनवले, आणि १९१८ च्या सुरुवातीला तूलों बंदराजवळ पाणबुडीचा स्पष्ट प्रतिध्वनी मिळवला. ब्रिटनमध्ये रॉबर्ट बॉयल हे कॅनेडियन शास्त्रज्ञ त्याच वाटेवर होते. तिथे या सोनार यंत्राला ‘ॲस्डिक’ असे सांकेतिक नाव मिळाले. यंत्र जहाजांवर चढेपर्यंत महायुद्ध संपले.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत ब्रिटिश नौदलाचा ॲस्डिकवर इतका विश्वास बसला की पाणबुडीचा प्रश्न सुटला असेच अनेकांना वाटू लागले. हा विश्वास महाग पडला. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री यू-४७ स्कॅपा फ्लो या ब्रिटनच्या मुख्य नाविक तळात शिरली आणि रॉयल ओक ही युद्धनौका आठशेहून अधिक माणसांसह बुडवून सुखरूप निघून गेली. पुढे अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून, कळपाने हल्ले करू लागल्या. पाण्याखाली ऐकणाऱ्या ॲस्डिकला पाण्यावरची पाणबुडी कशी कळणार? त्यावर उपाय झाला तो पाण्यावर पाहणाऱ्या साधनांचा. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९४० मध्ये बनलेल्या कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन या रेडिओलहरी निर्माण करणाऱ्या उपकरणामुळे लहान लहरींचे रडार विमानांत बसू लागले. पाणबुड्या आपल्या मुख्यालयाशी रेडिओवर बोलत, त्या संदेशाची दिशा पकडणारी यंत्रे ताफ्यातल्या जहाजांवर आली, आणि १९४२ पासून रात्री अचानक पेटणारे विमानांचे प्रखर दिवे पाण्यावर आलेल्या पाणबुडीला गाठू लागले. मे १९४३ या एका महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून आपले कळप मागे घेतले.

पाणबुडी सापडल्यावरही काम संपत नसे. ॲस्डिकचा झोत पुढे आणि थोडा खाली जाई. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ आले की ती झोताखाली जाई आणि शेवटच्या दोनेकशे मीटरांत प्रतिध्वनी नाहीसा होई. डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, जहाजाच्या मागच्या टोकावरून टाकली जात. म्हणजे पाणबुडीवरून पुढे गेल्याशिवाय ती टाकता येत नसत. पिंप शंभर मीटर बुडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागे. डोक्यावर धडधडत येणारे जहाज पाणबुडीतल्या माणसांना नुसत्या कानांनी ऐकू येई. तेवढ्या वेळात सुकाणू वळवायला त्यांना पुरेशी सवड मिळे. पिंपे फुटली की पाणी इतके ढवळून निघे की पुढची काही मिनिटे काहीच ऐकू येत नसे. यासाठी आले ते हेजहॉग: एकाच वेळी २४ छोटे बॉम्ब जहाजाच्या पुढे फेकणारे यंत्र. हे बॉम्ब पाणबुडीला लागले तरच फुटत, त्यामुळे नेम चुकला तरी ऐकणे चालू राही.

जॉनी वॉकर या ब्रिटिश कॅप्टनचा उपाय कोणत्याही यंत्राचा नव्हता, पण या सबंध इतिहासातले सर्वांत सुंदर डावपेच त्याचेच म्हणावे लागतील. एक जहाज मागे राहून ॲस्डिकचे ठोके चालू ठेवी. पाणबुडीला वाटे, शत्रू अजून दूर आहे. दुसरे जहाज आपले ॲस्डिक बंद करून, अगदी मंद गतीने, जवळजवळ निःशब्द पुढे सरके. मागचे जहाज रेडिओवरून त्याला दिशा सांगे आणि पाणबुडीच्या डोक्यावर आले की एकामागून एक पिंपे सोडायचा इशारा देई. ऐकणारा वेगळा आणि मारणारा वेगळा, अशी कामाची वाटणी केल्याबरोबर मूळ अडचण निम्मी झाली. वॉकर ९ जुलै १९४४ रोजी, युद्ध संपण्याआधीच, वारले.

या सगळ्यात सर्वांत उशिरा ओळखला गेला तो खुद्द समुद्र. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला क्युबाच्या ग्वांतानामो उपसागरात एक चमत्कारिक अनुभव येत होता. सकाळी उत्तम चालणारे सोनार दुपारी पाणबुडी हरवून बसे. जेवणानंतर ऐकणारे सुस्तावत असतील, असाही संशय घेतला गेला. वुड्स होल संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याचे तापमान थराथराने मोजले तेव्हा दोष माणसांचा नाही हे कळले. दुपारच्या उन्हाने वरचे काही मीटर पाणी किंचित तापे. गरम पाण्यात आवाज वेगाने जातो, थंड पाण्यात हळू, आणि लहरी नेहमी हळू वेगाच्या बाजूला वळतात. त्यामुळे सोनारचा झोत सरळ जाण्याऐवजी खाली वाकून जाई आणि पलीकडे सावलीचा पट्टा तयार होई. त्या सावलीत पाणबुडी असली तरी तिच्यापर्यंत आवाज पोहोचतच नसे.

हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ॲथेल्स्टन स्पिलहाउस यांनी १९३७ च्या सुमारास बॅथिथर्मोग्राफ हे उपकरण बनवले. आकार छोट्या पाणतीरासारखा, शरीर पितळेचे. तारेला बांधून ते चालत्या जहाजावरून खाली सोडत. आत काजळी धरलेल्या काचेची चिमुकली पट्टी आणि तिच्यावर टेकलेली सुई. खोली वाढेल तशी पट्टी सरके, तापमान बदलेल तशी सुई हले. उपकरण वर ओढून पट्टी बाहेर काढली की काजळीत ओढलेल्या केसाएवढ्या बारीक रेघेत त्या ठिकाणच्या समुद्राची नाडी दिसे. रेघ जिथे एकदम वळली, तिथून खाली पाणबुडी लपू शकते. पाणबुडीच्या कप्तानांनीही तेच उपकरण घेतले, लपायला.

उथळ गरम पाण्यात गोंगाटही फार असतो. चिमटा फटकारून आवाज करणाऱ्या लहान कोळंब्यांचा कडकडाट तळणीत फोडणी तडतडावी तसा हायड्रोफोनमध्ये भरून राही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात हायड्रोफोन बसवले तर घोगऱ्या आवाजाच्या माशांच्या थव्यांनी ते निरुपयोगी केले. समुद्र शांत असतो ही कल्पना तेव्हापासून कायमची गेली.

हिंदी महासागरातही हे युद्ध झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये विशाखापट्टणमजवळ जपानी पाणबुडी आरओ-११० हिने कोलंबोहून कलकत्त्याला निघालेल्या ताफ्यावर हल्ला केला, तेव्हा ‘जमना’ या स्लूप प्रकारच्या भारतीय युद्धनौकेने दोन ऑस्ट्रेलियन जहाजांच्या साथीने तिला गाठून बुडवले.

युद्धानंतर अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी आली. अमेरिकेची नॉटिलस जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर निघाली आणि हवेसाठी पृष्ठभागावर येण्याची गरजच संपली. आता रडारला पकडायला काही उरले नाही. पण अणुभट्टीचे पंप आणि दातेरी चक्रे थांबवता येत नाहीत, त्यांचा घरघराट सतत पाण्यात पाझरतो. त्याआधीच समजले होते की खोल समुद्रात ठरावीक खोलीवर आवाज वरच्या आणि खालच्या थरांत अडकून शेकडो मैल जातो. शास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांनी १९४४ मध्ये स्फोट करून हे दाखवले होते. अमेरिकेने याच खोल वाटेवर कान टेकवले. बहामा बेटांतल्या एल्यूथेराजवळ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रतळावर हायड्रोफोनांची रांग टाकली गेली आणि पुढे अटलांटिक आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर अशा रांगा पसरल्या. सोसस हे त्या जाळ्याचे नाव १९९१ पर्यंत गुप्त होते. किनाऱ्यावरच्या केंद्रात विजेची सुई कागदावर जळक्या रेघा काढत जाई. कोणती रेघ व्यापारी जहाजाची आणि कोणती रशियन पाणबुडीची हे कागदाच्या भेंडोळ्यांसमोर रात्र-रात्र बसलेल्या माणसांना ओळखावे लागे. शीतयुद्ध संपल्यावर याच जाळ्यावर शास्त्रज्ञांनी निळ्या देवमाशांची गाणी ऐकली.

भारतासाठी या इतिहासातला सर्वांत वेदनादायक दिवस ९ डिसेंबर १९७१ हा आहे. मुंबईहून निघालेल्या खुकरी आणि किरपाण या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेट दीवच्या नैऋत्येला पाकिस्तानची पाणबुडी शोधत होत्या. ती होती फ्रेंच बनावटीची हँगोर. या दोन जहाजांना ती जितक्या अंतरावर ऐकू येऊ शकत होती, त्याहून कितीतरी दूरवरून तिने त्यांना ऐकले होते. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका नव्या जोडणीची चाचणी चालू होती. तिच्यासाठी जहाज मंद गतीने जात होते. लांब ऐकू यावे म्हणून कमी केलेला वेगच पाणबुडीला नेम धरायला सोपा पडला. रात्री नऊच्या सुमारास हँगोरने पहिला पाणतीर किरपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला आणि जहाज काही मिनिटांतच बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडायला नकार दिला. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेले हे पहिले युद्धजहाज. दीवच्या किनाऱ्यावरचे त्याचे स्मारक आज समुद्राकडे तोंड करून आहे.

खुकरीचा धक्का नौदलाने कागदावर राहू दिला नाही. आरोग्यस्वामी पॉलराज हे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून आलेले अधिकारी दिल्लीच्या आयआयटीत संशोधन करत होते. हातात असलेल्या जुन्या ब्रिटिश सोनारची क्षमता वाढवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ हे संपूर्ण भारतीय सोनार तयार झाले. जुने सोनार विजेरीच्या झोतासारखे एका वेळी एकाच दिशेला पाही; अप्सोह चारी दिशांना एकाच वेळी ऐकू शकत होते आणि आलेला आवाज संगणकाने छानून काढत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘हिमगिरी’ या फ्रिगेटवर त्याच्या चाचण्या झाल्या, आणि नंतर ते त्याच गोदीत बांधलेल्या गोदावरी वर्गाच्या जहाजांवर बसले. ज्या शहरातून खुकरी निघाली, त्याच शहराच्या गोदीतल्या जहाजांना हे नवे कान मिळाले.

अरबी समुद्राच्या पाण्याला ग्वांतानामोचा धडा तंतोतंत लागू आहे. पावसाळ्याआधी वरचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापते, पावसाळी वारे ते ढवळून टाकतात. म्हणजे मे महिन्यात निकामी ठरणारे सोनार ऑगस्टमध्ये बरे चालू शकते. यावर उपाय म्हणून जहाजामागे तारेने ओढत नेण्याचे सोनार आले: ते हव्या त्या थरात खाली सोडता येते आणि जहाजाच्या स्वतःच्या गोंगाटापासून दूर राहते. हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहून सोनार पाण्यात बुडवते, विमाने पाण्यावर तरंगणारे हायड्रोफोन टाकतात. ऐकणारे कान असे जहाजापासून दूर गेले आणि वॉकरची कामाची वाटणी आता आकाशापर्यंत पोहोचली.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र काम अजून अवघड आहे. तळावरून उलटणारे प्रतिध्वनी, मच्छीमारांच्या होड्यांचे आवाज, बुडालेली जहाजे, खडक, हे सगळे पाणबुडीच्या आवाजात मिसळते. त्यासाठी खास बांधलेल्या छोट्या जहाजांच्या मालिकेतील पहिले, ७७.६ मीटर लांबीचे जहाज १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘अर्नाळा’, वसईजवळच्या वैतरणेच्या मुखावरच्या बेटावरील किल्ल्यावरून. हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या काळात, खाडीत शिरणाऱ्या जहाजांवर पहारा ठेवण्यासाठी बांधला. त्याच नावाचे आधीचे पाणबुडीविरोधी जहाज १९७२ पासून १९९९ पर्यंत नौदलात होते. नव्या अर्नाळ्यावर तळाला बसवलेले सोनार आहे आणि खोलीनुसार खाली सोडता येणारेही आहे. पाण्यात आवाज कुठे वाकतो आहे, हे या जहाजावरही सोनार सुरू करण्याआधी तापमान मोजूनच ठरवावे लागते.